अक्कांचं काउंटर

सोलापूर, मंगळवार, रात्री

मेडिकल चालवणाऱ्या अक्कांचं आज वर्षश्राद्ध. मेडिकलवरून जाणारा जो तो थांबून एकच बोलत होता, "त्यांच्या हाताला गुण होता." तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली बायकांनी त्यांना अक्का (थोरली बहीण) केलं आणि मग मराठी, कानडी सगळेच तसं म्हणू लागले. पण सगळं श्रेय हाताला देणं काही पटत नाही. चिठ्ठी त्या दोनदा वाचायच्या: एकदा घेताना, एकदा गोळ्या पाकिटात घालताना. चूक सापडायची ती दुसऱ्या वेळी.

सगळ्यात जास्त धास्ती त्यांना तापाच्या पातळ औषधाची. पॅरासिटामॉलच्या ड्रॉप्समध्ये एका मिलीत 100 मिलिग्रॅम असतं. बाटलीच्या औषधात पाच मिलीला कुठे 125, कुठे 250. डोस ठरतो वजनावर, किलोला साधारण 15 मिलिग्रॅम. म्हणजे दहा किलोच्या पोराला 150: ड्रॉप्स असतील तर दीड मिली, 125चं सहा मिली, 250चं तीन. आजीने ड्रॉप्सच चमचाभर पाजले की पोटात 500 जातं, तिपटीहून जास्त. म्हणून "ताप आहे, काहीतरी द्या" म्हणणाऱ्याला अक्कांचा पहिला प्रश्न, "वजन किती?" माहीत नसेल तर बाळाला काट्यावर ठेवायला लावायच्या. मग मापाच्या टोपीवरची नेमकी रेघ पेनाने ठळक करून हातात द्यायच्या.

घरीही हेच. दोन्ही मुलांची वजनं कॅलेंडरच्या मागच्या बाजूला तारखेसकट लिहिलेली असायची. ताप आला की डोसाची वेळही तिथेच टिपायची, कारण रात्री एकदा आईने आणि झोपेत उठून पुन्हा बाबांनी दिलं, की औषध दुप्पट होतं. शाळा सुटली की मुलं थेट दुकानात, कोपऱ्यातल्या स्टुलावर गृहपाठ. औषधाला "चॉकलेट" म्हणायला बंदी. कुणी आई तसं म्हणून गोळी चारताना दिसली तर अक्का तिथल्या तिथे झापायच्या: उद्या हेच पोर बाटली शोधून स्वतः पिईल. तोंडाने तशा तिखटच होत्या.

अँटिबायोटिकची कोरडी पावडर असलेली बाटली त्या सहसा तशीच देत नसत. आधी बाटली उलटी करून तळहातावर आपटायची, म्हणजे तळाला बसलेली पावडर सुटते. मग उकळून पूर्ण गार केलेलं पाणी खुणेच्या थोडं खाली, जोरात हलवायचं, फेस बसू द्यायचा आणि मगच खुणेपर्यंत भरायचं. फेसालाच खूण समजलं तर पाणी कमी पडतं आणि प्रत्येक चमचा कडक होतो. पाणी गरम असेल तर औषध बिघडतं. बाटलीवर तारीख टाकायची. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेट असेल तर फ्रीजमध्ये ठेवायचं आणि सात दिवसांनी उरलेलं फेकायचं.

उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा इन्सुलिनची काळजी. न उघडलेली बाटली 2 ते 8 अंशांत, पण बर्फाच्या कप्प्याला चिकटून नाही. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी कामाचं नाही, आणि बाहेरून बघून ते कळेलच असं नाही. ज्यांच्याकडे फ्रीज नाही त्यांना मडक्याची युक्ती: मोठ्या मडक्यात वाळू, तिच्यात छोटं मडकं, वाळू ओली ठेवायची, बाटली पिशवीत बांधून आतल्या कोरड्या मडक्यात, आणि सगळं सावलीत, वारा लागेल असं. दुकानाच्या फ्रीजमध्ये खालच्या फळीवर पाण्याच्या बाटल्या भरून ठेवलेल्या असायच्या. लाइट गेली तरी थंडावा टिकतो.

विडी वळणाऱ्या बायकांना लोहाच्या गोळ्या देताना दोन गोष्टी आधीच सांगायच्या: चहासोबत नको, मध्ये तासाभराचं अंतर हवं, आणि शी काळी होईल, घाबरून गोळ्या बंद करू नका. वाचता न येणाऱ्यांच्या पाकिटावर सूर्य नाहीतर चंद्रकोर. सांधेदुखीसाठी मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं, रोज घेतलं तर जिवावर बेततं. म्हणून त्या पाकिटावर लाल शाईत "फक्त रविवार", आणि घरातल्या माणसाकडून ते मोठ्याने वाचून घ्यायचं. स्ट्रिप कापायची तर एक्स्पायरी छापलेलं टोक दुकानात ठेवायचं आणि गिऱ्हाइकाच्या पाकिटावर तारीख हाताने लिहायची.

2014 च्या मार्चपासून शेड्यूल एच-वनचं, म्हणजे चिठ्ठीशिवाय न द्यायच्या काही अँटिबायोटिक आणि सवय लागणाऱ्या औषधांच्या यादीचं, वेगळं रजिस्टर आलं: डॉक्टरचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध, किती दिलं. ते तीन वर्षं जपायचं. कित्येकांना हा ताप वाटला. अक्का मात्र खूश होत्या. "दोनच गोळ्या द्या हो" म्हणणाऱ्याला दाखवायला एक वही मिळाली.

सर्टिफिकेट भाड्याने देणाऱ्यांची त्यांना भयंकर चीड. 1948 च्या फार्मसी कायद्याने चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यायचं, भिंतीवरच्या फ्रेमने नाही. मुलांच्या शाळेत पालकसभा असली तरी काउंटर पोऱ्यावर सोडायच्या नाहीत. सरळ शटर ओढायच्या, त्यावर खडूने परत यायची वेळ लिहायच्या आणि जायच्या. तेवढ्या वेळात समोरच्या मेडिकलचा धंदा व्हायचा.