सरळ पट्ट्यांची लाट

बार्जेलो रजई लांबून पाहिली की तिच्यावर रंगांच्या लाटा एकामागून एक चढत-उतरत गेलेल्या दिसतात, आणि तरीही त्या रजईत एकही वळण कापलेले नसते. असतात त्या केवळ सरळ पट्ट्या, काटकोनात घेतलेले काप आणि पाव इंच दाब (शिवणीबाहेरची कापडाची कड) सोडून मारलेल्या सरळ टिपा. कापडावर नक्षी उमटवून घ्यावी लागत नाही. पट्ट्यांच्या रुंदीची एक यादी करावी लागते आणि ती शेवटपर्यंत पाळावी लागते.

मूळ नक्षी भरतकामातली आहे. फ्लॉरेन्समधील बार्जेलो ही 1255 मध्ये बांधायला घेतलेली इमारत एके काळी शहराच्या पोलीसप्रमुखाचे ठाणे आणि तुरुंग होती, तर 1865 पासून ती संग्रहालय आहे. तिथल्या सतराव्या शतकातील खुर्च्यांवर उभ्या टाक्यांनी ज्वाळांसारखे भरतकाम केलेले आहे आणि त्यावरून या प्रकाराला हे नाव मिळाले. रजई करणाऱ्यांनी पुढे टाक्याच्या जागी कापडाचा तुकडा ठेवला. तुरुंगाच्या नावाने एखादे पांघरूण ओळखले जावे, याची मला अजूनही गंमत वाटते.

या कामाला लागणारे कापड सांगलीत शोधावे लागत नाही. एका रंगाच्या फिकटापासून गडदापर्यंत छटा ओळीने मिळणे ही बार्जेलोची पहिली अट, आणि आपल्याकडची मॅचिंग सेंटर तीच गोष्ट रोज विकत असतात. कापड पेठेतल्या अशा दुकानात ब्लाउजच्या कापडाचे तागे रंगवार रचलेले असतात आणि हिरव्याच्या कप्प्यात कोवळ्या पोपटीपासून शेवाळीपर्यंतच्या पायऱ्या कोणीतरी आधीच लावून ठेवलेल्या असतात. फक्त 24 छटांचे पाव पाव मीटर मागणाऱ्या, आणि तेही सोबत एकही साडी न आणलेल्या गिऱ्हाइकाकडे दुकानदार जरा संशयानेच पाहतो. निवडलेल्या छटा शेजारी मांडून मोबाइलवर त्यांचा काळापांढरा फोटो काढावा; दोन छटा त्यात एकसारख्या दिसल्या तर त्यांतली एक परत करावी, कारण लाटेचा चढ रंगापेक्षा उजेडाच्या पायऱ्यांवर उभा असतो. मरून आणि गडद निळे कापड आधी वेगवेगळे धुऊन घेतल्याशिवाय कात्री लावू नये.

खरी मजा हिशेबात आहे. अडीच इंच रुंदीच्या 24 पट्ट्या क्रमाने जोडल्या की दोन्हीकडचा दाब जाऊन प्रत्येकीची दोन इंच उरते आणि 48 इंच उंचीचा पट्टेदार तुकडा तयार होतो. त्याची पहिली आणि शेवटची पट्टी एकमेकींना जोडली की त्याची नळी होते. ही नळी आडवी ठेवून तिचे उभे काप घेतले की कापडाची कडी हाती येते, आणि प्रत्येक कडीची एक शिवण उसवून तिला सरळ करायचे असते. ती कुठे उसवायची यातच सगळी कला आहे. पहिली कडी पिवळ्याच्या वर उसवली तर दुसरी एक पायरी खाली, तिसरी आणखी एक पायरी खाली. शिखर गाठले की उलट फिरायचे. पायरी नेहमी दोन इंचांचीच असते, म्हणून चढ किती उभा हे केवळ कडीची रुंदी ठरवते. एक इंचाची कडी शिवल्यावर अर्धा इंच उरते आणि तेवढ्यात रंग दोन इंच उसळी मारतो. साडेतीन इंचांची कडी मात्र तीन इंचांत तेवढेच अंतर निवांत चालते. अरुंद कडीत निम्मे कापड दाबातच जाते, हे मात्र खरेदीच्या वेळीच धरून चालावे. सरासरी दीड इंचाच्या 60 कड्या घेतल्या तर 90 इंच कापड संपते, म्हणजे 44 इंच पन्ह्याच्या तीन नळ्या लागतात.

इस्त्रीचाही एक नियम आहे आणि तो मला सर्वांत देखणा वाटतो. नळीच्या शिवणी एक वर, एक खाली अशा आलटून-पालटून दाबायच्या. प्रत्येक कडी शेजारणीपेक्षा एका पायरीने सरकलेली असल्यामुळे वर वळलेला दाब खाली वळलेल्या दाबाला भिडतो आणि दोन्ही शिवणी न सरकता एकमेकींत बसतात. छटांची संख्या सम असली तरच हा क्रम नळीच्या जोडावर मोडत नाही.

आमच्याकडे वाकळ शिवायला येणाऱ्या मावशींना हा सगळा प्रकार उफराटा वाटला. ‘‘धड कापड फाडायचं आणि परत तेच जोडायचं व्हय?’’ असे त्या म्हणाल्या, आणि त्यांचे म्हणणे खोडून काढण्यासारखे नव्हते. वाकळ जुनेऱ्याला जोडून उभी राहते. बार्जेलोला सगळ्या पट्ट्या एकाच लांबीच्या लागतात, त्यामुळे घरातल्या चिंध्यांवर तिचे भागत नाही. तरीही वरचा थर तयार झाला की रजई पुन्हा मावशींच्या प्रांतात येते. बाजारातला पॉलिस्टरचा थर आपल्या हवेत गरम होतो. त्याऐवजी धुऊन धुऊन मऊ झालेली दोन सुती लुगडी मध्ये अंथरली तर वजन येते, ऊब पुरते आणि उन्हाळ्यातही रजई अंगावर घेववते. जमिनीवर थर पसरून, कडेला वजने ठेवून, मधून बाहेर हात फिरवत चुण्या काढण्याची त्यांची रीत पुस्तकांतल्या कोणत्याही सूचनेपेक्षा कामाची आहे.

हाताचा धावदोरा मात्र बार्जेलोवर सगळीकडे चालत नाही. अरुंद कड्यांच्या जागी कापडाचे इतके पदर जमतात की सुई अडते, म्हणून तिथे शिवणीच्या घळीतून मशीनची उभी टीप मारणे शहाणपणाचे. भोवतीचा सहा इंचांचा साधा पट्टा जोडला की रजई पाच फूट बाय सहा फुटांची होते, आणि तो पट्टा मी मावशींच्या हाती दिला. त्यांनी वाकळेसारखाच कडेकडून आत, बोटभर अंतरावर चौकोनी फेरे घालत धावदोरा आणला आणि लाटांच्या सीमेवर थांबवला. मशीन आणि हात एका रजईवर शोभत नाहीत असे मानणारे लोक आहेत. मला ते पटत नाही.

कडेच्या गोटासाठी उरेब, म्हणजे तिरक्या कापलेल्या कापडाची गरज नाही, कारण कडा सरळच आहेत. परीघ 264 इंच, म्हणजे 44 पन्ह्याच्या, अडीच इंच रुंदीच्या सात पट्ट्या दुहेरी घडी घालून पुरतात. पुढच्या बाजूने मशीन चालवावे, पण उलट बाजूला तुरपाईच करावी. दुसरी टीपही मशीनने मारली तर ती एका बाजूला नेमकी आणि दुसऱ्या बाजूला घसरलेली येते, आणि आत एवढ्या सरळ रेषा सांभाळल्यावर कडेची रेघ वाकडी दिसलेली मला तरी खपत नाही.