दगडी चेहऱ्याची दोन घरं, डब्लिन

डब्लिनला भाचीकडे पंधरा दिवस राहायला गेले होते. सेंट स्टीफन्स ग्रीनला ट्राममधून उतरलो तेव्हा पाऊस भुरभुरत होता. मी 85 आणि 86 नंबरच्या घरांसमोर छत्री धरून उभी, आणि भाची कंटाळलेली. "आत्या, तू नुसत्या भिंतीकडे काय बघतेयस?"

भिंतच बघत होते. अठराव्या शतकातलं डब्लिन बहुतेक विटांचं. ही दोन घरं मात्र समोरून करड्या ग्रॅनाइटची. डावं-उजवं म्हणून बघितलं तर जोडी वाटते, पण ती जुळी नाहीत. 85 नंबर 1738 सालचं, म्हणजे आपल्या शनिवारवाड्याची वास्तुशांत होऊन जेमतेम सहा वर्षं झालेली. रिचर्ड कॅसल्स या मूळच्या जर्मन वास्तुकाराने ते बांधलं. ते लहान आणि नेटकं आहे, आणि मधोमध कमानीची एक रुंद खिडकी. शेजारचं 86 नंबर 1765 चं, पाच खिडक्यांइतकं रुंद, दारावर शिशाचा सिंह पहुडलेला. सिंहाला पावसाचं काही नव्हतं.

बाहेरून एवढंच. नक्षी नाही, सज्जा नाही. आपल्याकडे वाड्याच्या दिंडी दरवाजावरूनच घरातल्याचा तोरा कळतो. इथे श्रीमंती दाराआड ठेवायची रीत. खिडक्यांची उंची तेवढी चुगली करते: पहिल्या मजल्यावरच्या सर्वांत उंच, कारण दिवाणखाना तिथे, आणि वर जावं तशा त्या आखूड होत जातात.

आत गेल्यावर मात्र मी गप्प झाले. 85 मधल्या तळमजल्यावरच्या खोलीत भिंतींवर चुन्यात घडवलेला ग्रीक देव अपोलो आणि त्याच्या भोवती नऊ कलादेवता. पाओलो आणि फिलिप्पो लाफ्रांकिनी या स्विस-इटालियन भावांचं हे काम. ओला गिलावा हाताने थापून, कोरून, तो सुकायच्या आत आकार द्यायचा. चुन्याच्या कामात चूक पुसायला फार वेळ मिळत नाही, हे गवंडीकाम जवळून बघितलेल्यांना सांगायला नको.

वरच्या मोठ्या दालनाच्या छतातही त्यांचीच माणसं आणि देव. पुढे इथे कॅथलिक विद्यापीठ आलं (1854, पहिले प्रमुख जॉन हेन्री न्यूमन). मुलांच्या नजरेस पडू नयेत म्हणून छतावरच्या विवस्त्र स्त्रीमूर्तींना नंतर कपडे चढवले. जीर्णोद्धारात ते काढले, एकीचे मात्र आठवण म्हणून तसेच ठेवले. पोहण्याचा केसाळ पोशाख घातल्यासारखी दिसते ती. भाची एवढी हसली की शेजारचे आजोबा वळून बघायला लागले.

मला खरं आवडलं ते 86 चं जिन्याचं दालन. तिथलं चुन्याचं काम डब्लिनच्याच रॉबर्ट वेस्टच्या हाताचं किंवा त्याच्या कारागिरांचं मानतात. सत्तावीस वर्षांत चव पार बदललेली. देव गेले आणि पक्षी आले. भिंतींवर वाद्यं, फुलं, वेली, आणि त्यांतून मान बाहेर काढणारे पक्षी. अपोलोसमोर आपण आदबीने उभे राहतो, इथे जिना चढता चढता सहज गप्पा मारतो. इटालियन भावांचा हात मोठा, यात शंका नाही. तरी पसंती विचाराल तर माझी पक्ष्यांना.

हे घर रिचर्ड चॅपल व्हेली याचं. कॅथलिकांशी वैर आणि त्यांची प्रार्थनाघरं जाळल्याची ख्याती, म्हणून लोकांनी 'बर्न-चॅपल' (चॅपल म्हणजे प्रार्थनाघर) असं नाव पाडलेलं. त्याच्याच घरात पुढे कॅथलिक पाद्री शिकवायला लागले! त्याच्या मुलाने तर जेरुसलेमला जाऊन यायची पैज मारली आणि जिंकली. कवी जेरार्ड मॅन्ली हॉपकिन्स इथेच ग्रीक शिकवायचे, 1889 मध्ये इथेच विषमज्वराने गेले. लेखक जेम्स जॉइस इथला विद्यार्थी, 1902 पर्यंत. 2019 पासून दोन्ही घरांत आयरिश साहित्याचं संग्रहालय आहे.

मागच्या बागेत एक जुनं झाड आहे, त्याच्याखाली जॉइसने पदवी मिळाल्यावर फोटो काढला होता. आम्ही तिथे कॉफी घेऊन बसलो. पाऊसही थांबला होता. भाचीने मोबाइल चाळला आणि एकदम म्हणाली, "आत्या, पक्ष्यांचा एकही फोटो नाही काढला गं आपण!" मग अर्धी कॉफी तशीच ठेवून पुन्हा जिन्याकडे गेलो.