सकाळी दहाला दिसलं ते संध्याकाळी सातला दिसत नव्हतं

मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, म्हणजे डोळे तपासून चष्मा-लेन्स देते, आणि ही केस मला अजून टोचते. एक मुलगी, नुकतीच नोकरीला लागलेली, कॉन्टॅक्ट लेन्स घातल्यावर डोळे चुरचुरतात म्हणून दोनदा आली, दोन्ही वेळा ऑफिस सुटल्यावर संध्याकाळी सातच्या सुमारास, आणि दोन्ही वेळा स्लिट लॅम्पखाली (डोळा मोठा करून दाखवणारं यंत्र) डोळे एकदम क्लिअर. मी स्क्रीनला दोष दिला, ड्रॉप्स चालू करायला सांगितले. चुकलंच माझं.

तिसऱ्यांदा आली तेव्हा विचारलं, अगं नक्की कधी चुरचुरतं? म्हणाली मॅडम, सकाळी आठला घालते, दहा-साडेदहाला जास्त होतं, जेवणापर्यंत कमी होतं. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला, म्हटलं शनिवारी आठला लेन्स घाल आणि दहाला इथे ये.

शनिवारी लेन्स काढून फ्लुरोसीन या रंगाची पट्टी लावली, निळा लाईट टाकला, तर कॉर्नियाच्या (बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याच्या) कडेकडेने हिरव्या बारीक ठिपक्यांचं गोल कडंच दिसलं, दोन्ही डोळ्यांत सारखं. विचारलं रात्री लेन्स ठेवायला सोल्युशन कोणतं वापरतेस, तर दोन महिन्यांपूर्वी स्वस्त मिळालं म्हणून बदललेलं, आणि लेन्स तीच असल्यामुळे सांगायचं तिला सुचलंच नाही (मी तरी कुठे विचारलं होतं).

नवीन बाटलीवर पीएचएमबी लिहिलेलं, म्हणजे एक प्रिझर्व्हेटिव्ह. जंतू मारायला ते घातलेलं असतं, पण सिलिकॉन हायड्रोजेल नावाच्या मऊ मटेरियलच्या काही लेन्स ते रात्रभर शोषून घेतात आणि सकाळी डोळ्यात हळूहळू सोडतात, ठिपके दोन ते चार तासांत सगळ्यात जास्त दिसतात आणि संध्याकाळपर्यंत जातात. हे ठिपके म्हणजे खरी इजा की नुसता रंग धरणं यावर तज्ज्ञांचं एकमत नाही, पण तिला त्रास होत होता हे तर खरं ना.

तिला ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडवालं सोल्युशन दिलं, यात प्रिझर्व्हेटिव्ह नसतं. पण ते थेट डोळ्यात गेलं तर भयंकर भाजतं, म्हणून तिच्याकडून समोर करून घेतलं, लेन्स त्याच्याच डबीत ठेवायची, तळाला प्लॅटिनमची चकती असलेल्या, ती पेरॉक्साइड निष्प्रभ करते, पूर्ण सहा तास, नाहीतर लेन्स घालायची नाही.

दोन आठवड्यांनी परत सकाळी दहाला बोलावलं, कॉर्निया स्वच्छ, चुरचुर नाही. जाताना विचारते, मॅडम जुनी बाटली अर्धी उरलीय, प्रवासात चालेल का? म्हटलं नाही गं, आण इकडे, आणि माझ्यासमोर बेसिनमध्ये ओतायला लावली.