मोतीबिंदूनंतर चालायचं कधी? माझा अनुभव

ऑपरेशनबद्दल सांगण्यासारखं काही नाही. टाका नाही, दुखलं नाही, त्याच दिवशी घरी. जीव काढला तो पुढच्या एका साध्या प्रश्नाने: चालायला कधी लागू?

मला मधुमेह आहे. गोळ्यांइतकंच रोजचं पर्वती चढणं माझी साखर ताब्यात ठेवतं. सुटीच्या वेळी छापील कागद मिळाला, त्यात ‘व्यायाम टाळावा’ एवढंच. किती दिवस? काउंटरवरच्या मुलीने तेच वाक्य मला मोठ्याने वाचून दाखवलं. वर, “आजी, आता कशाला पर्वती? आराम करा.” फेरतपासणीला टोकन घेतलं, बसले, थेंब घातले, परत बसले. डॉक्टर ‘छान आहे’ म्हणाले आणि मी तोंड उघडेपर्यंत पुढचा नंबर पुकारलासुद्धा. फोन करावा तर “सर ओपीडीत आहेत.” घरचे त्या कागदावर बोट ठेवून बसलेले. चालणं बंद, साखर चढली, आणि साखर जास्त म्हणून दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन पुढे ढकललं! जिच्यासाठी चालायचं तीच वाढू द्यायची आणि वर “आजी, पथ्य पाळा” ऐकायचं?

शेवटी माझ्या मधुमेहाच्या डॉक्टरांनी स्वतः फोन लावला. उत्तर दोन मिनिटांत आलं: सपाटीवर चालायला मला दुसऱ्या दिवसापासून हरकत नव्हती. टाळायचं होतं ते खाली वाकणं, वजन उचलणं, डोळ्यात पाणी-धूळ जाणं. पर्वतीच्या १०३ पायऱ्या मात्र थांबवायच्याच होत्या, कारण एक डोळा झालेला आणि दुसरा राहिलेला असताना पायरीचा अंदाज चुकू शकतो. हे कागदावर लिहायला किती शाई लागते?

तेव्हा सुटी घेतानाच पेनाने लिहून घ्या: चालणं कधी, जिना कधी, वाकणं कधी, पोहणं कधी. काचबिंदू असेल तर शीर्षासनाचं आवर्जून विचारा, त्यात डोळ्यातला दाब खूप वाढतो. दोन औषधांच्या थेंबांमध्ये पाच मिनिटं जाऊ द्या. आणि हो, तपासणीला एकटं जाऊ नका. बाहुली मोठी करणाऱ्या थेंबांनंतर काही तास जवळचं धूसर दिसतं, कागद वाचायला कुणीतरी हवं.

आता दुसरा डोळाही झाला, पर्वती पुन्हा सुरू आहे. उतरताना बायफोकलच्या खालच्या काचेतून पायरी पुसट दिसायची, म्हणून चालण्यासाठी फक्त लांबचा वेगळा चष्मा करून घेतला. तोही मागावाच लागला.