स्पिटफायर अपडेट : डावा बोल्ट निघाला एकदाचा!

मंडळी, निघाला! मागच्या वेळी अडलो होतो तो, माझ्या ट्रायम्फ स्पिटफायरच्या (जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार) डाव्या मागच्या चाकाच्या व्हर्टिकल लिंकमधला (चाकाचं हब धरणारा उभा भाग) लांब बोल्ट, आज दुपारी तुकडे होऊन हातात आला. चार रविवार गेले. नट मुकाट निघाला होता पण बोल्ट आतल्या स्लीव्हला (तो ज्यातून जातो ती लोखंडी नळी) असा धरला होता की डिझेल झालं, स्प्रे झाला, घण झाला, गॅस लावली तर नायलॉनचे बुश वितळून घरभर वास आणि बोल्ट जिथल्या तिथे. रत्नागिरीची खारी हवा, दुसरं काय. शेवटी हॅकसॉचं नुसतं पातं घेतलं, एका टोकाला चिंधी गुंडाळली आणि ट्रनियन (त्या बोल्टवर फिरणारा सांधा) आणि लिंक यांच्यामधल्या फटीत घालून दोन्ही बाजूंनी कापला. साधी पाती दोन मिनिटांत बोथट होतात, बायमेटलचीच घ्या. कापलेल्या तोंडावर बोल्ट कुठे संपतो नि स्लीव्ह कुठे सुरू होते कळत नाही, मध्ये केसाएवढी तपकिरी रेघ तेवढी. कितीतरी वेळ बघत बसलो होतो.

आता पाट्याचं, म्हणजे मागच्या लीफ स्प्रिंगचं. गाडी मार्क थ्री (स्पिटफायरची तिसरी आवृत्ती), म्हणजे जुना फिक्स पाटा, आरे-वारेच्या वळणात मध्येच ॲक्सिलरेटर सोडला की मागून उचलते आणि बाहेरचं चाक आत दुमडतं, रोज ऑफिसला नेतो त्यामुळे हे चालणारच नाही. आधी डीकॅम्बर ब्लॉक (पाट्याखाली घालायचा ठोकळा) टाकणार होतो, स्वस्तात काम होतं, पण त्यानं गाडी मागून बसते आणि इथले स्पीडब्रेकर बघता सायलेन्सर रोज घासणार. म्हणून स्विंग स्प्रिंगच, ट्रायम्फनं १९७० ला मार्क फोरला दिला तो. त्यात पाट्याची फक्त सगळ्यात खालची पट्टी डिफरन्शियलला (मागच्या दोन चाकांना ताकद वाटणारा गिअर) घट्ट, वरच्या सगळ्या डुलायला मोकळ्या, त्यामुळे गाडी उचलत नाही. पण मग बॉडी जास्त कलते, म्हणून पुढे जाड अँटी-रोल बार (कलणं रोखणारा दांडा) हवाच, तो न टाकता नुसता पाटा बदलू नका.

शॉकॲब्सॉर्बरचे पैसे आता या अँटी-रोल बारकडे वळवतो, शॉकॲब्सॉर्बर गणपतीनंतर बघू. आणि हे लिहिताना सुचलं, लिंक बाहेर आलीच आहे तर बेअरिंगपण करून टाकतो. बुश मिरजोळे एमआयडीसीतल्या लेथवाल्याकडून, त्याचं माप कधी चुकत नाही. नवीन बोल्ट अख्खा ग्रीसमध्ये माखून घालणार आणि दर पावसाळ्याआधी काढून बघणार.

उजवीकडचा नट आत्ताच पाना लावून बघितला, हलत नाहीये. डिझेल मारून ठेवलंय.