पायात सायकलच्या तारा
दादाच्या पायाला ती गोल गोल रिंगांची फ्रेम लावली तेव्हा मला तर बघवेना, हाडातून आरपार तारा, बाहेर नटबोल्ट, आणि वहिनी छोटा पाना घेऊन दिवसातून 4 वेळा नट पाव मिलिमीटर फिरवायची. म्हणजे हाडाची कापलेली टोकं दिवसाला 1 मिमी एकमेकांपासून लांब सरकतात, आणि तेवढ्या फटीत नवीन हाड तयार होतं राव! हे डोकं सायबेरियातल्या कुर्गानच्या डॉक्टर इलिझारोव्हचं, 1950 च्या आसपासचं, सुरुवातीला म्हणे चक्क सायकलचे स्पोक वापरले. पश्चिमेकडे गाजलं कधी, तर 1980 मध्ये इटलीचा गिर्यारोहक कार्लो माउरी तिथं जाऊन पाय बरा करून आला तेव्हा. दादाला मात्र एकच टेन्शन, पँट कशी घालायची, शेवटी आईने जुन्या लेंग्याची शिवण उसवून नाड्या लावून दिल्या.