ओली सुपारी, कोरडं उत्तर

ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात ‘डॅमेज सर्टिफिकेट’, म्हणजे नुकसानीचा दाखला, म्हटलं की समोरच्या माणसाला हमखास फोन येतो. माणगावच्या एका ऑफिसात हे मी इतकं पाहिलं की शेवटी शेवटी त्याचा फोन वाजायच्या आधीच मी खुर्ची ओढून बसायला लागलो.

आमची श्रीवर्धनला सुपारीची वाडी. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने निम्म्याहून जास्त झाडं आडवी केली. नवीन लावलेली अजून धड धरत नाहीत, त्यामुळे जो काही रोठा, म्हणजे आमची सुपारी, निघतो तो जिवापाड सांभाळायचा. गेल्या पावसाळ्यात, गणपतीच्या आधी भाव बरा होता म्हणून वाशीच्या मसाला मार्केटला चाळीस गोण्या पाठवल्या. गाडीची ताडपत्री फाटकी. वरच्या थरातल्या आणि कडेच्या अकरा गोण्या भिजून उतरल्या. रोठ्याची किंमत त्याच्या पांढरेपणाला असते. पावसाळी हवेत ओल्या गोणीत दोन दिवस राहिला की काळे डाग पडतात, मग त्याला कोणी विचारत नाही.

विमा होता. एजंटला फोन केला, फॉर्म भरला, नुकसान तपासायला सर्वेअर नेमला गेला. इथवर कोणी त्रास दिला नाही हे खरं.

सर्वेअर साहेब वाशीच्या गाळ्यावर आले ते खिशात छोटी बाटली घेऊन. ओल्या गोणपाटाचा तुकडा कापला, वाटीत थोड्या शुद्ध पाण्यात पिळला आणि त्यात बाटलीतले थेंब टाकले. सिल्व्हर नायट्रेट. पाण्यात मीठ असेल तर दह्यासारखं पांढरं फुटतं, म्हणजे समुद्राचं पाणी. आम्ही किनाऱ्यावरचे, तेव्हा माल घरीच खाऱ्या पाण्यात भिजवून गाडीत चढवला नाही ना, हे त्यांना बघायचं होतं. वाटीकडे बघताना माझा जीव टांगणीला लागला होता, कारण आमच्याकडे वाऱ्यालासुद्धा मीठ असतं. पाणी नुसतं जरासं धुरकटलं. साहेब म्हणाले, “गोडं आहे, पावसाचं.” मग आतल्या कोरड्या गोण्या फोडून बघितल्या, कारण माल मुळातच नीट वाळलेला नसेल तर तो मालाचा अंगचा दोष ठरतो आणि विमा त्याचे पैसे देत नाही. आमची सुपारी खणखणीत वाळलेली होती, त्यामुळे तो प्रश्न तिथेच मिटला.

आता घोडं अडलं ते इथे. विमा कंपनीच्या कागदांच्या यादीत एक ओळ होती: वाहतूकदाराकडून नुकसानीचा दाखला. माणगावला गेलो.

“साहेब, फक्त एवढंच लिहून द्या, अकरा गोण्या ओल्या उतरल्या.”

“आमच्याकडे असं लिहून देत नाहीत. हेड ऑफिसला विचारा.”

हेड ऑफिस म्हणालं, माल जिथे बुक झाला तिथेच दाखला मिळेल. माणगावला परत आलो तर, माल जिथे उतरला तिथे. त्यांच्या कळंबोलीच्या गोडाऊनवर सांगितलं, ड्रायव्हर येऊ दे, त्याचा जबाब घेऊ. ड्रायव्हर गावाला. मग परत माणगाव. मॅनेजर बिल्टी, म्हणजे माल बुक केल्याची पावती, उलटी करून मागच्या बारीक छपाईवर बोट ठेवतो, “हे वाचा, ओनर्स रिस्क, जोखीम मालकाची. आणि पाऊस देवाचा, त्याला आम्ही काय करणार?” मी म्हटलं, पाऊस देवाचा आहे, ताडपत्री तुमची आहे. त्यावर त्याला फोन आला.

चहा मात्र दर वेळी विचारायचे. त्याचा जास्त राग यायचा.

इकडे विमा कंपनीचं आठवण करून देणारं पत्र आलं: कागद अपुरे, फाईल पुढे जाणार नाही. चिडून सर्वेअर साहेबांना फोन केला तेव्हा त्यांनी सहज विचारलं, “ट्रान्सपोर्टरला नोटीस दिलीत का? दाखल्यापेक्षा ती महत्त्वाची.” कारण त्यांनी सांगितलं ते असं. विमा कंपनी आपल्याला पैसे देते आणि मग आपल्या जागी उभी राहून ट्रान्सपोर्टरकडून वसूल करायला जाते. २००७ च्या रस्ते मालवाहतूक कायद्यात कलम १६ आहे. माल बुक केल्यापासून १८० दिवसांत लेखी नोटीस गेली नाही तर ट्रान्सपोर्टरवर दावाच लावता येत नाही. म्हणजे आपण गप्प बसलो तर त्यांचा वसुलीचा हक्क बुडतो आणि त्याचा राग ते आपल्या क्लेमवर काढतात. दिवस बुकिंगपासून मोजायचे, माल हातात पडल्यापासून नव्हे.

त्याच रात्री पत्र लिहिलं. “माल ओला मिळाला, कळावे” असलं काही नाही. बिल्टी नंबर, तारीख, गोण्या, नुकसानीची रक्कम, आणि ही रक्कम तुम्ही द्यायची आहे, असं स्पष्ट. पोस्टाने, पोहोचपावतीसह, हेड ऑफिस आणि माणगाव दोन्हीकडे. गोड बोलणाऱ्या ऑफिसला हातोहात पत्र देऊ नये, पोचेचा शिक्का मारायलासुद्धा त्यांचा साहेब बाहेर गेलेला असतो.

आणि गंमत बघा. जो माणूस दोन ओळींचा दाखला देईना, त्याच्या वकिलाचं दीड पानी उत्तर आलं. “पावसाने भिजलेल्या अकरा गोण्यांबाबत आमच्या अशिलाची जबाबदारी नाही.” मी ते वाक्य परत परत वाचलं. जबाबदारी नाकारायच्या नादात भिजलेल्या गोण्या त्यांनी स्वतःच मोजून दिल्या होत्या! दाखल्याऐवजी तेच पत्र फाईलला लावलं आणि विमा कंपनीने ते चालवून घेतलं.

त्याला जोड मिळाली ती वाशीच्या दिवाणजींची. माल उतरवून घेताना त्या काकांनी ट्रान्सपोर्टच्या बिल्टीवर सही करायच्या आधी “११ गोणी ओली, ताडपत्री फाटकी” असं लिहून ड्रायव्हरची सही घेतली होती. कोरी सही गेली असती तर माल चांगला मिळाल्याचा तोच पुरावा ठरला असता. माल घेणाऱ्याला हे आधीच फोन करून सांगून ठेवा, सगळीकडे असे दिवाणजी नसतात.

पुढे हक्क कंपनीच्या नावे करून देणारं पत्र स्टँप पेपरवर झालं आणि पैसे आले. ओल्या सुपारीचे बाजारात जे काही येतील ते आणि पॉलिसीतली ठरलेली कपात वजा करून. ओला माल फेकायचा नाही आणि कोरड्यातही ठेवायचा नाही. फोटो काढून वेगळा पसरायचा. नुकसान वाढू न देणं हे आपलंच काम धरतात.

नुसत्या ट्रान्सपोर्टरच्या भरवशावर राहणाऱ्यांसाठी: जादा जोखमीचा दर भरलेला नसेल तर त्याची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंतच असते. आमच्या भाड्याची दहापट करून बघितली, भिजलेल्या मालाची निम्मी किंमतही भरत नव्हती.

हो, एक राहिलंच. पॉलिसी घेताना क्लॉज ‘ए’ (जवळपास सगळी जोखीम धरणारा) आहे का ‘बी’ ते बघा. ‘बी’मध्ये आग, वीज, पूल कोसळणं, गाडी उलटणं किंवा धडकणं असलंच येतं. नुसता पावसाने भिजलेला माल त्यात बसत नाही. एजंट स्वस्त म्हणून ‘बी’ पुढे सरकवतात, आणि पावसाळ्यात कोकणातून माल पाठवणाऱ्याला तो काय कामाचा?